कडी न लावलेलं दार

आमच्या जावयांना सगळी गल्ली फौजदार म्हणायची. ते फौजदार नव्हते. विमानतळावर आत जाणाऱ्यांच्या बॅगा यंत्रातून बघायच्या आणि माणसांची झडती घ्यायची, हे त्यांचं काम. नोकरी सरकारची नाही, एका कंपनीची. पण कंपनीने गणवेश असा दिला होता की बघणाऱ्याने आधी सलाम ठोकावा आणि मग विचार करावा. खांद्यावर चांदण्या, छातीवर बिल्ला, आणि बूट असे की ते जिना उतरायला लागले की खालच्या मजल्यावरची मुलं आपोआप पुस्तकं उघडायची. त्यात उंची दांडगी, मिशी दाट. एवढं सगळं अंगावर असताना हा माणूस फौजदार नाही, हे गल्लीला पटवायचं कोणी?

मी लेकीकडेच राहते. जावयाच्या घरी कायमचं राहणं बरं दिसत नाही असं सुरुवातीला मीही म्हणायचे. पण लेक कामाला जायची, नात लहान होती, आणि दुसरीकडून मला कोणी बोलावतही नव्हतं.

एकदा खालच्या दुकानदाराने एका माणसाला सायकल चोरताना पकडलं. गल्ली गोळा झाली. जावई नुकतेच ड्युटीवरून येऊन ताटावर बसले होते, त्यांना लोकांनी उठवून खाली नेलं.

"फौजदार, घ्या ह्याला ताब्यात."

"मला अधिकार नाही," जावई म्हणाले. "पोलिसांना फोन करा."

"मग ह्या चांदण्या कशाला लावल्यात?"

"शोभेला."

दुकानदार म्हणाला, "ह्यांच्यापेक्षा माझं कुत्रं बरं. चावत नाही, पण भुंकतं तरी." सगळे हसले. चोरसुद्धा हसला. आणि त्या हसण्याच्या गडबडीत हात सोडवून जो पळाला तो पळालाच.

वर आल्यावर लेक फणकारली. "धरलं असतं क्षणभर तर हात झिजले असते का तुमचे?"

 बायकोला समजावण्यापेक्षा सासूला समजावणं जावयांना सोपं वाटायचं. माझ्याकडे वळून म्हणाले, "आई, समजा तुमच्या दारात कोणी अनोळखी माणूस आला. त्याला तुम्ही आत घेणार नाही म्हणू शकता ना?"

"म्हणीन की."

"पिशवी दाखव, मगच आत ये, असंही म्हणू शकता. नाही दाखवली तर आल्या वाटेने परत जा म्हणाल. पण त्याला धरून माळ्यावर कोंडता येईल का?"

"माळ्यावर जागा कुठे आहे? तुमच्या बायकोने भंगार भरून ठेवलंय."

"चेष्टा नाही हो, आई. माझा अधिकार तेवढाच. बघायचं, विचारायचं, नाही म्हणायचं. धरायचं काम पोलिसांचं."

"म्हणजे माझ्याइतकाच?"

"तुमच्याइतकाच. फक्त तुम्हाला बूट नाहीत."

लेकीला हसू आलं, पण तिने मुद्दा सोडला नाही. "आणि खरंच एखाद्याच्या बॅगेत काही वाईट निघालं तर?"

"पोलिसांना फोन करायचा. ते येईपर्यंत माणसाला बाजूच्या खोलीत बसा म्हणून विनंती करायची."

"आणि तो नाही बसला तर?"

मग जरा ओशाळून त्यांनी सांगितलं. त्या खोलीचं दार बाहेर उघडणारं होतं, आणि त्याला बाहेरून कडी होती. पण कडी लावली की ते कोंडणं झालं, तो गुन्हा. म्हणून सुपरवायझर नव्या माणसांना पहिल्याच आठवड्यात शिकवायचा की कडीला हात लावायचा नाही, दाराला पाठ लावून उभं राहायचं. कोणी विचारलं तर, दमलोय, टेकलोय. आतल्याला वाटतं दार बंद आहे, कायद्याला वाटतं दार उघडं आहे. सगळेच तसं करत होते आणि कोणाला कधी काही झालं नव्हतं.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं ड्युटी संपावी," ते म्हणाले, आणि गार झालेलं जेवण जेवायला बसले.

ज्या दुपारी ते घडलं त्या दुपारी त्यांची ड्युटी यंत्रापाशी होती. यंत्राच्या पडद्यासमोर एक बाई बसायची. एका म्हाताऱ्याची कापडी पिशवी आत गेली आणि तिने हात वर केला. पिशवीत पत्र्याचा डबा, डब्यात तारांचं जाळं आणि बॅटऱ्या. पट्टा थांबला, मागची रांग कुरकुरायला लागली.

म्हातारा रेडिओ दुरुस्त करणारा होता. लेकीकडे निघाला होता, आणि तिच्यासाठी स्वतःच्या हाताने रेडिओ बनवून नेत होता. तो अजिबात चिडला नाही. उलट खूश झाला, कोणीतरी विचारतंय म्हणून. "लावून दाखवू का? आवाज बघा कसा स्वच्छ येतो," असं म्हणत त्याने हात पुढे केला. जावई म्हणाले, "हात लावू नका, बाबा." पोलिसांना फोन केला. पोलीस दुसऱ्या दरवाजावरच्या भांडणात अडकले होते. "येतोच. तोवर थांबवून ठेवा," म्हणाले.

पिशवी यंत्रापाशी राहिली. संशयाची वस्तू आणि तिचा मालक एकत्र ठेवायचे नाहीत, हा तिथला पक्का नियम. म्हाताऱ्याला खोलीत बसवलं, दार लावलं, आणि जावयांनी दाराला पाठ लावली.

थोड्या वेळाने आतून दार वाजलं. "साहेब, माझी पिशवी द्या."

आता इथे आमच्या जावयांच्या जागी मी असते, नाहीतर तो दुकानदार असता, तर म्हटलं असतं, का हो, काय पाहिजे पिशवीतलं? पण ज्याच्या पिशवीत काही असतं तो पिशवीसाठी तडफडतो, आणि जो तडफडतो त्याला पिशवीपासून लांब ठेवायचं, हे ह्या लोकांकडून इतकं घोटून घेतलेलं असतं की झोपेतून उठवलं तरी तेच म्हणतील. म्हातारा पिशवी मागायला लागला तसा जावयांचा संशय वाढला. "पोलीस येताहेत, बसून राहा," ते म्हणाले आणि पाठ आणखी घट्ट लावली.

पुन्हा दार वाजलं, जरा खालून. नुसतंच "पिशवी." मग आणखी खालून, गुडघ्यांच्या मागे कुठेतरी. मग काहीच नाही. जावयांना वाटलं, बसला एकदाचा.

पोलीस आले, जावई बाजूला झाले, दार उघडलं, आणि दाराला टेकलेला म्हातारा त्यांच्या बुटांवर आला. त्याला दमा होता. त्याचा श्वासाचा पंप पिशवीत, रेडिओच्या खाली होता.

रेडिओ रेडिओच होता.

त्या दिवशी जावई घरी आले ते जिन्यावर बूट काढून, हातात घेऊन. मी दार उघडलं तर म्हणाले, "आई, एक माणूस गेला," आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. लेकीने पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं.

मग जे सुरू झालं त्यात एकेकाने कानावर हात ठेवले. कंपनीचा मोठा अधिकारी म्हणाला, आमच्या माणसाला कोणालाही अडवायचा अधिकारच नाही, अडवलं असेल तर त्याने स्वतःच्या मर्जीने. पोलीस म्हणाले, थांबवून ठेवा म्हणालो ती विनंती होती, हुकूम नव्हता. विमानतळ म्हणाला, हा माणूस आमचा नाहीच, कंपनीला विचारा. माणूस अडवून ठेवल्याचा आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा खटला उभा राहिला तो एकट्या आमच्या जावयांवर.

वकीलबाई भल्या होत्या, पण गोड बोलून फसवणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "हे पोलीस असते तर खटल्याआधी सरकारची परवानगी लागली असती. वर्दीला तेवढं छप्पर असतं. ह्यांच्या वर्दीला नाही. चांदण्या कंपनीच्या शिंप्याने शिवलेल्या. कायद्याच्या नजरेत त्या दाराशी रस्त्यावरचा कोणीही माणूस उभा होता."

"रस्त्यावरच्या कोणाला तिथे उभं राहायचा पगार देतात?" लेक म्हणाली.

वकीलबाईंनी समोरचे कागद सारखे केले. मग जावयांना म्हणाल्या, "कडी लावलेली नव्हती, त्यावर आपलं सगळं आहे. तो बाहेर यायचं म्हणाला असता तर तुम्ही बाजूला झाला असता, असं आपण म्हणणार. तुम्हाला विचारतील, आतून आवाज आला का. खोटं बोला असं मी म्हणत नाही. लक्षात नाही म्हणा. एवढ्या गोंगाटात कोणाच्या लक्षात राहतं? कॅमेऱ्याच्या चित्रात आवाज नाही, आणि यंत्रावरच्या बाईने काही ऐकलेलं नाही."

"आणि आला म्हणालो तर?"

"तर तुरुंग."

घरी लेकीने त्यांच्याकडून वदवून घेतलं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मध्येच विचारायची, "आवाज आला का?" ते म्हणायचे, "लक्षात नाही." नातीनेही दोनदा विचारून बघितलं. ती दहावीत होती. वर्गात तिला खुनी फौजदाराची पोर म्हणायला लागले होते, आणि ती बापाकडे अशी बघायची, जणू त्यांच्या एका उत्तराने ते नाव पुसलं जाणार होतं.

कोर्टात सुपरवायझर आला. नवा कोट घातलेला. दाराला पाठ लावायला तुम्ही शिकवलंत का, असं वकीलबाईंनी विचारलं, तर म्हणाला, "पाठ? कसली पाठ?" एवढा चकित चेहरा मी त्याआधी फक्त उधारी मागितल्यावर बघितला होता.

म्हाताऱ्याची लेक रोज यायची. आमच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. आम्ही तिच्याकडे बघायचो नाही, तीही आमच्याकडे बघायची नाही, पण मधली जागा कोणी भरायचं नाही.

जावयांची पाळी आली. समोरच्या वकिलाने कॅमेऱ्याचं चित्र लावलं. चित्रात आमचे जावई दाराला टेकून उभे, पाय किंचित फाकलेले, जिना चढून दमलेला माणूस उभा राहतो तसे. वकिलाने विचारलं, "आतून काही आवाज आला?"

जावई चित्राकडेच बघत राहिले. लेकीने माझा हात धरला. तिची नखं रुतत होती.

"प्रश्न कळला का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कळला, साहेब."

"मग?"

"आला," जावई म्हणाले. "तीन वेळा दार वाजवलं त्यांनी. पिशवी मागत होते. दर वेळी आणखी खालून. माझ्या पाठीला कळत होतं."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला ती पोरगी पदर तोंडात कोंबून वाकली.

न्यायाधीशांनी शिक्षा दिली दीड वर्षाची. देताना म्हणाले, ह्या माणसाला तिथे उभं करणारे सगळे आज साक्षीदार आहेत, आरोपी एकटा आहे, ह्याची मला जाणीव आहे. पण समोर जो आहे त्याचाच निवाडा मला करता येतो. जाणीव असून काय करायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

बाहेर व्हरांड्यात शिपायाने दोन मिनिटं दिली. लेक त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "एक शब्द! पाठ करून घेतला होता ना मी? लक्षात नाही म्हणायला काय जीभ झडली असती?"

"अगं, तो मागत मागत गेला," जावई म्हणाले. "मी सोडून ते ऐकायला तिथे कोणी नव्हतं. त्याच्या पोरीला निदान खरं काय ते कळायला नको?"

"आणि तुमच्या पोरीला? तिला काय कळू दे?"

 शिपाई म्हणाला, "चला." त्यांनी वाकून मला नमस्कार केला. मी काय आशीर्वाद देणार? पाठीवर हात ठेवला.

आता मी आणि लेक भेटीच्या दिवशी जातो. ते वाळले आहेत, मिशी काढली आहे. विमानतळावरच्या त्या खोलीत आता एक पोलीस कायम बसवला आहे असं त्यांच्या बरोबरच्या कोणीतरी सांगितलं, तेव्हा फक्त "बरं झालं" म्हणाले. वकीलबाई वरच्या कोर्टात जाऊ म्हणतात. ते नको म्हणतात, आणि लेक त्यांच्याशी त्यावरून जाळीच्या अलीकडून भांडते. भेटीची वेळ भांडण्यातच संपते.

निघताना ते दर वेळी नातीचं विचारतात. अभ्यास करते का, जेवते का, माझ्याबद्दल काही म्हणते का. लेक म्हणते, परीक्षा आहे, पुढच्या वेळी आणते. परीक्षा कधीच झाली. ती यायला तयार नाही, आणि हे त्यांना सांगायचं धाडस अजून आम्हा दोघींपैकी एकीलाही झालेलं नाही.