मुठीच्या जागी खर्रा

नाचणगावचा तानबा पंचवीस वर्षं आपल्या पानठेल्यावर खर्रा घोटत होता. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहाताने असा चोळायचा, की गिऱ्हाईक म्हणे, याच्या हातालेच चव आहे. तीन वर्षांपूर्वी तो मोटारसायकलवरून पडला आणि मानेखालचं सगळं निकामी झालं.

मग परगावच्या एका कंपनीने प्रयोगासाठी त्याच्या मेंदूत नाण्याएवढी चिप बसवली. मेंदूतल्या हजारो पेशी एकदमच बोलतात; चिप त्यातला गोंगाट गाळते आणि कामाचं तेवढं बिनतारी बाहेर धाडते. उशाशी ठेवलेला डबा ते ऐकतो आणि पडद्यावरचा बाण हलवतो. तानबाने फक्त मूठ मिटल्याची कल्पना करायची. महिनाभर केली, बाण जागचा हलला नाही. आणि एका मंगळवारी अचानक पळायलाच लागला. कंपनीत पेढे वाटले गेले. तानबा टीव्ही बदलू लागला, आणि तहान लागली की शेतात निंदायला गेलेल्या बायकोला, सखूला, स्वतः फोन लावू लागला.

दर आठवड्याला कंपनीची वर्षाली नोंदी घ्यायला येई. जवळच्याच नालवाडीची पोरगी, त्याला काका म्हणे, सखूच्या हातचा चहा पिई. एकदा तिने सहज विचारलं, "काका, खरं सांगा, मूठ मिटता तरी कशी?"

"मूठ कोन मिटते व! मी तं मनात खर्रा घोटतो." तानबा हसला. "कोनाले सांगू नको हां, पोरी."

"कोनाले सांगते मी?"

सांगितलं नाहीच. लिहिलं. 'सहभागीने सूचना पाळली नाही.' कंपनीने आठ महिन्यांच्या नोंदी बाद केल्या, सोबत तानबालाही. चिप काढणं धोक्याचं, ती डोक्यातच राहील. ऐकणारा डबा तेवढा परत हवा.

तो न्यायलाही वर्षालीच आली. चहा नको म्हणाली.

"खरं लिहिणं माझं काम आहे, काका."

"मंग इचारतानी काऊन नाई सांगतलं, का लिहून राह्यली म्हणून?"

ती वायर गुंडाळत राहिली. पडदा विझला. सखूने डबा परत दिल्याच्या कागदावर अंगठा टेकवला, कुठे ते वर्षालीने बोट ठेवून दाखवलं.

"त्या लिहिण्यात माह्यं नाव तरी टाकलं का?" तानबाने विचारलं.

"नाव नाही टाकत, काका. पेशंटची गोष्ट गुप्त ठेवावी लागते."