घाटमाथ्यावर सांडलेली जांभळं

घाटमाथ्यावरच्या आईविषयी, तिथल्या देवीविषयी, मी आजवर एकदाच लिहिलं होतं, तेही तिच्याविरुद्ध. आज दुसऱ्यांदा लिहिते आहे. असे अनुभव निवलेल्या मनाने लिहायचे असतात, हे मला माहीत आहे. माझं मन अजून निवलेलं नाही. जे घडलं त्याबद्दल मी कृतज्ञ आहे आणि ज्यांनी ती वेळ आणली त्यांच्यावर संतापलेली आहे. यातलं एक खोडून दुसरं लिहिणं मला जमणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एकोणतीस वर्षं ट्रक चालवतात. कोल्हापुरातून माल भरायचा आणि घाट उतरून कोकणात न्यायचा, हे त्यांचं आयुष्य. मी मात्र वाढले मामांच्या हाताखाली. मामा हमालांसाठी, ड्रायव्हर लोकांसाठी पत्रकं लिहायचे. शाळेतून आले की त्यांच्या घरी बसून पत्रकांच्या घड्या घालणं हा माझा खेळ होता. त्यामुळे देवापेक्षा छापलेल्या शब्दावर माझा विश्वास जास्त बसला.

घाटाचा उतार सुरू व्हायच्या आधी, रस्त्याच्या डाव्या अंगाला, आईचं लहानसं देऊळ आहे. आबांच्या पिढीचे ड्रायव्हर तिथे थांबल्याशिवाय गाडी खाली घालत नसत. चपला काढायच्या, नारळ हातात घ्यायचा आणि आपल्याच गाडीला एक फेरी घालायची. प्रत्येक चाकापाशी वाकून तळहात टेकवायचा, कुंकू लावायचं, मग नारळ फोडायचा. लहानपणी आबांबरोबर मीही ही फेरी घातली आहे. पुढे मोठी झाले आणि मला त्याची लाज वाटायला लागली.

गेल्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. त्याचा पहिला अर्धा भाग असा होता की, नारळाने ब्रेक लागत नाहीत, देवळापाशी वेळ घालवणं बंद करा. दुसरा अर्धा भाग असा होता की, मालकाकडे दुसरा ड्रायव्हर मागा, झोपेचे तास मागा, काढून टाकलेला क्लीनर परत मागा. आबांच्या मालकाने काय केलं असेल? पत्रक मधोमध कापलं आणि वरचा अर्धा भाग ऑफिसच्या भिंतीवर चिकटवला. गाड्यांना जीपीएस बसवलेलंच होतं. गाडी दहा मिनिटं थांबली की ऑफिसातून फोन यायचा. आता फोन करणारा साहेब ड्रायव्हरांना ऐकवू लागला, तुमच्याच पोरीनं लिहिलंय की, वाचा जरा. आबांनी आईच्या दारात थांबणं सोडून दिलं. मला वाटलं, माझ्या लिहिण्यामुळे माणूस सुधारला. मी खूश होते. ही गोष्ट लिहिताना आजही कानशिलं तापतात.

या जूनच्या सुरुवातीला मी आबांबरोबर गाडीत बसले. नवीन पत्रकासाठी मला त्यांच्या झोपेची नोंद करायची होती. गाडीत साखरेची पोती होती. कारखान्याच्या गेटवर रांगेत उभं राहण्यात आदली रात्र गेली होती, त्याच्या आदली रात्र दुसऱ्या फेरीत. दोन दिवसांत मिळून चार तास झोप, असं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. मी ते सुबक अक्षरात लिहिलं. गाडी थांबवा, असं म्हणायचं मला सुचलं नाही. अन्यायाचा पुरावा गोळा करण्यात मी इतकी गुंतले होते की तो अन्याय ज्याच्या अंगावर चालला होता, तो माझ्या शेजारी बसलाय हे विसरले.

मलकापूर मागे पडलं तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. आबांनी गळ्याभोवती ओला टॉवेल गुंडाळला होता, तोंडात हिरवी मिरची धरली होती. मध्येच ते कानाची पाळी चिमटीत धरून जोरात ओढत. काहीतरी बोलत ऱ्हा म्हणाले, म्हणून मी वहीतलं वाचून दाखवत होते आणि ते प्रत्येक वाक्याला व्हय म्हणत होते. मी विचारलं, "आबा, घरनं डब्यात काय दिलंय?"

"व्हय," ते म्हणाले.

मला हसू आलं. डोळे उघडे ठेवून माणूस झोपलाय, हे त्या व्हयमधून मला कळायला हवं होतं. झोपेवर पत्रक लिहायला निघालेल्या मला ते कळलं नाही.

देऊळ दिसायला लागलं तसं आबांनी सवयीने कपाळाला हात लावला, पण गाडीचा वेग कमी केला नाही. तेवढ्यात समोर, रस्त्याच्या बरोबर मधोमध, एक बाई वाकलेली दिसली. मी किंचाळले. आबा दचकले, ब्रेक लागला, गाडी तिच्यापासून चार-पाच हातांवर थांबली. बाई सरळ झाली. साठीची असेल, कमरेला ओचा खोचलेला. रस्त्यावर जांभळंच जांभळं सांडली होती आणि टोपलं पलीकडे पालथं पडलं होतं. ती पळाली नाही, घाबरली नाही. भडकली.

"पावणं, डोळं घरी ठेवून आलाय का? उतरा खाली. निम्मी जांभळं चाकाखाली घातलीसा, उरल्याली तरी गोळा करू लागा."

आबा मुकाट्याने उतरले. गाडी कडेला घेतली आणि आम्ही दोघं भर उन्हात डांबरावरची जांभळं वेचू लागलो. वेचता वेचता ते देवळासमोर आले. तिथे क्षणभर उभे राहिले, मग माझ्याकडे न बघता चपला काढल्या. आलोच हाय तर फेरी घालतो, असं काहीतरी पुटपुटले. माझी परवानगी मागितल्यासारखं. माझ्या बापाला आईच्या पाया पडायला माझी परवानगी लागत होती, एवढं मी करून ठेवलं होतं.

नारळ नव्हता. नुसत्या हाताने त्यांनी फेरी सुरू केली. एकेका चाकाला तळहात टेकवत डाव्या बाजूने मागे गेले. मागच्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. मी जवळ गेले. रबर जळल्याचा वास होता आणि चाकाच्या आतून विस्तवासारखी धग येत होती. ब्रेक आतल्या आत चिकटून बसला होता. पाय काढला तरी सुटत नव्हता, घासत, तापत इथवर आला होता. आबा खाली बसले. म्हणाले, "पोरी, तिसऱ्या वळणावर ब्रेक गेला असता."

फोन करून बोलावलेला मेकॅनिक मलकापूरहून यायला वेळ होता. आबा देवळाच्या पायरीवर टेकले आणि बसल्या जागी झोपले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मी उचलला. साहेबाने विचारलं, गाडी का थांबली. मी ब्रेकचं सांगितलं. मेकॅनिक येईपर्यंत हळूहळू उतरायला लागा, असं तो म्हणाला. मी म्हटलं, ते झोपलेत.

"मग उठवा त्यांना."

"उठवणार नाही."

"ताई, पत्रक तुम्हीच लिहिलंय नव्हं? आता देवी गाडी चालवणार हाय का?"

माझ्याकडे उत्तरं खूप होती. आयुष्यभर उत्तरंच तर तयार केली होती. पण आबांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं आणि मोठ्याने बोलले असते तर त्यांची झोप मोडली असती. "चालवणार न्हाय, थांबवणार हाय," एवढं हळू बोलून मी फोन बंद केला. मग दीड तास मी काहीही केलं नाही. लिहिलं नाही, भांडले नाही. आईच्या दारात बापाचं ओझं खांद्यावर घेऊन नुसती बसून राहिले. कुणाच्या तरी स्वाधीन होणं म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा तिथे समजलं. जांभळंवाली पलीकडे बसून जांभळांचे वाटे लावत होती. तिने एक वाटा न विचारता माझ्यापुढे सरकवला.

मेकॅनिकने ब्रेक सोडवल्यावर घाट आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश उतरलो. परतल्यावर आबांना पंधरा दिवस गाडी मिळाली नाही. विनाकारण थांबले, असं कारण देण्यात आलं. आम्ही खाली दरीत सापडलो असतो तर याच लोकांनी ड्रायव्हरची चूक म्हणून प्रकरण बंद केलं असतं. माणूस दोन रात्री जागवायचा, त्याच्या शेजारचा दुसरा माणूस काढून टाकायचा, त्याला तापलेलं चाक बघायला उतरूही द्यायचं नाही आणि मग चूक मात्र त्याची. एकोणतीस वर्षांत आबांना विसाव्याची एकच हक्काची जागा मिळाली, ती आईने दिली. आणि ती काढून घेणाऱ्यांच्या हातात कात्री मी दिली.

महिन्याभराने मी एसटीने एकटीच घाटमाथ्यावर गेले. त्या बाईचे पाय धरून म्हटलं, मावशी, तुम्ही त्या दिवशी आम्हाला थांबवलंत. तिला आठवायला वेळ लागला. मग हसली. "मी कशाला थांबवू, बाई? म्हस आडवी आली, टोपलं पडलं. तुझ्या बाऽचा राग आलेला मला, शिव्या द्याच्या ऱ्हायल्या."

मी यावर काही सिद्ध करायला बसणार नाही. आम्ही थांबलो, आबांचा हात त्या चाकाला लागला, आबा आज घरी आहेत.

आता पत्रक नव्याने लिहिलं आहे. पहिली ओळ आहे, थांबा. उतरा, गाडीला फेरी घाला, प्रत्येक चाकाला हात लावा, आईसमोर बसा आणि झोप येत असेल तर झोपा. मालकाकडच्या मागण्या त्याच ओळीत जोडून लिहिल्या आहेत, कुठेही कापलं तरी त्या सोबत येतील अशा. पहिली प्रत आईच्या पायाशी ठेवली तेव्हा मी तिला म्हटलं, माझा राग तेवढा घे, फार जाळतो. डोळे मिटून बसले, वाट पाहिली. तिने माझा अहंकार ठेवून घेतला. राग परत दिला. अजून लागेल, म्हणून.