मालनच्या खिडकीतली हाडं

घाटकोपरच्या भटवाडीत मालन घाडीगावकरच्या खोलीवरून जाताना नवखी माणसं थबकायची. तिच्या खिडकीत माणसांची हाडं टांगलेली असत. बरगड्या, गुडघे, एखादा खांदा. मागून ऊन आलं की ती निळसर चमकायची, आणि मग दिसायचं की बरगड्यांतून हिरवा दोरा ओवलाय, गुडघ्याच्या वाटीत औषधाच्या गोळ्यांची चंदेरी पट्टी चिकटवलीय, खांद्यावर नारळाच्या सोडणाची झिपरी बसवलीय. कुणी विचारलं, "हे काय गं?" तर मालन म्हणायची, "एक्सरे." पुढे काय सांगायचं ते तिलाच ठाऊक नसायचं.

स्टेशनजवळच्या एका एक्सरे क्लिनिकात ती कामाला होती. लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म एका हौदात बुडवायची, मग दुसऱ्यात, मग पाण्यात खळबळून चिमट्याला टांगायची. पेशंट बाहेर बाकावर बसलेला असायचा, त्याचं तोंड तिने पाहिलेलं नसायचं. छाती मात्र तिच्या हातात ओली निथळत असायची.

सुरुवात झाली ती ऐंशी सालच्या सूर्यग्रहणाला. त्या फेब्रुवारीत अख्ख्या चाळीने तिच्याकडे जुन्या फिल्म मागितल्या. ग्रहणाच्या दिवशी रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. बायका दारं लावून बसल्या होत्या, आणि मालन गॅलरीत डोळ्यांपुढे कुणाची तरी छाती धरून उभी होती. दोन बरगड्यांच्या मधे सूर्य आला, कुरतडलेल्या भाकरीसारखा. सगळे सूर्य बघत होते, हिची नजर बरगड्यांवर अडकली. देवगडला किनाऱ्यावर दुरुस्तीला ओढलेल्या होडीचे आतले वासे तिला आठवले. ग्रहण सुटलं, चाळ आंघोळीला लागली, तरी ही उभीच. चार दिवसांनी तिने सुई तापवून त्या फिल्मला भोकं पाडली आणि दोरा ओवला. का ओवला, ते तिला सांगता आलं नाही.

तिचा नवरा काशीराम तेव्हा गिरणीत होता. संपानंतर तो विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमन झाला. त्याने पहिल्या दिवशीच कपाळाला हात लावला होता.

"गो, घरात हाडां कित्याक आणलंस?"

"फोटो आहेत ते. हाडं कुठायत?"

"मेलेल्याचे असले तर?"

क्लिनिकमध्ये तीन वर्षं कुणी न नेलेल्या फिल्म भंगारवाला घेऊन जायचा, त्यातली चांदी काढायला. डॉक्टरांनी त्या ढिगातून तिला हव्या त्या घ्यायची मुभा दिली होती. त्यातली माणसं जिवंत होती की गेली, कोण सांगणार? काशीरामचं समाधान म्हणून ती घरी आणण्याआधी प्रत्येक फिल्मचा वरचा कोपरा कात्रीने कापून टाकायची. तिथे नंबर असायचा, आणि डावं-उजवं कळावं म्हणून एक अक्षर. नंबर गेला की माणूस गेला, फोटो उरला, असं तिने स्वतःला पटवलं होतं.

सहा वर्षं हे चाललं. जुनी फिल्म भिजवून सुईने खरवडली की काळ्यातून पांढरी रेघ निघते, हे तिला कळलं. रांगोळी टिकत नाही, कॅलेंडरचा कागद फुगतो, पण घोळ माशाची खवलं मात्र वाळून नखांसारखी कडक आणि पारदर्शक होतात. ही खवलं तिला बाजारातली कोळीण कमळ द्यायची. कमळ ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातून रोज टोपली घेऊन यायची.

"खवल्यांचा काय करतंस गो बाय?"

"चिकटवते."

"कशाला?"

"काय माहीत गं! बरं वाटतं."

कमळ हसायची आणि मूठभर खवलं कागदात बांधून द्यायची.

शहाऐंशी साली अनुपमा नावाची एक चित्रकलेची शिक्षिका मनगट मोडून क्लिनिकात आली. आपल्या फिल्मसाठी थांबली असता तिने मालनच्या डब्याच्या पिशवीतून डोकावणारा एक तुकडा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी थेट भटवाडीत हजर झाली. खिडकीसमोर अर्धा तास उभी राहिली.

"मालनताई, याला मिक्स्ड मीडिया म्हणतात."

मालनला मिक्श्चर ठाऊक होतं, कंपाउंडर बाटलीत घालून देतो ते. "चांगलं असतं ना ते?" तिने घाबरत विचारलं.

"झकास असतं! तुम्हाला कुणाची प्रेरणा मिळाली?"

मालनने काशीरामकडे पाहिलं. काशीराम चपला शोधत होता.

अनुपमाने तिचं नाव वाचनालयाच्या वार्षिक प्रदर्शनात घातलं. नोंदणीला बसलेल्या भाऊरावांनी पेन उचललं. "चित्रकला, भरतकाम की टाकाऊतून टिकाऊ?" अनुपमा म्हणाली, तिन्ही. भाऊरावांनी मालनला विचारलं. मालन म्हणाली, "दोरा आहे, पण भरतकाम नाही. रंग नाही, पण चित्र आहे बहुतेक." भाऊरावांनी 'इतर' लिहिलं आणि सात चित्रं हॉलच्या खिडक्यांना टांगायला परवानगी दिली. इतरमध्ये मालन एकटीच होती.

सगळ्यांत मधे एका हाताचा एक्सरे होता. पाचही बोटं पसरलेली, करंगळी जराशी वाकडी, आणि अंगठ्याच्या बुडाशी हुकासारखा एक छोटा पांढरा तुकडा, म्हणजे मांसात रुतून राहिलेलं कसलंसं लोखंड. मालनने त्या लोखंडाला हात लावला नव्हता. बोटांवर मात्र खवलं डकवून दोऱ्याने टाचली होती, एकावर एक, मनगटापर्यंत. हात पाण्यातून नुकताच वर आल्यासारखा दिसायचा.

खवलं कमळची, म्हणून मालनने तिला आवर्जून बोलावलं होतं. शनिवारी दुपारी कमळ आली. केसात अबोलीचा वळेसर, पायांत चपला. बरगड्यांवरून तिने झरझर नजर फिरवली, आणि हातापुढे आल्यावर तिची मान जी वर झाली ती खाली येईना.

"काय गं, बघ की तुझी खवलं," मालन म्हणाली.

कमळने स्वतःचा तळवा उचलून काचेवर, त्या हाताशेजारी टेकवला.

"यो माज्या बापसाचा हात हाय."

मालनला आधी ती गंमत करतेय असं वाटलं.

"गळ शिरलेला इथं. काढला तर टोक आतच मोडला. मीच घेऊन आलेली त्याला तुमच्या डॉक्टरकडं. फोटो न्यायला परत येनार होतो, तर त्याने यायाच दिला नाय. बोलला, माजा हात माज्याजवळ हाय, त्याचा फोटो कशाला?" कमळचा आवाज अगदी साधा होता, पापलेटचा भाव सांगावा तसा. "दुसऱ्या वर्सी गेला तो."

"कमळ, मला खरंच ठाऊक नव्हतं गं."

कमळने काचेवरचा तळवा काढून घेतला आणि ती निघून गेली. पुढचा अख्खा आठवडा बाजारात तिची जागा रिकामी होती.

आता मालनचं डोकं चालेना. कमळ रागावली, की रडली, की तिला बरं वाटलं? तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळलं नव्हतं. मालनने अनुपमाला विचारलं. अनुपमा म्हणाली, "ताई, तुम्ही कलाकार आहात, ते तुमचं मटेरियल आहे. तुम्ही काही चोरलेलं नाही." डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी चष्मा काढला. "मालनबेन, कुणी तक्रार केली तर माझी वाट लागेल. आजपासून एकही फिल्म घरी न्यायची नाही." काशीरामला विचारायची गरजच नव्हती. तो आपण होऊनच म्हणाला, "मी काय सांगत होतंय?"

तिघांचंही तिला पटलं, आणि तिघांचंही एकाच वेळी कसं पटतं, या विचाराने ती आणखीच गोंधळली.

तिने क्लिनिकचं जुनं रजिस्टर काढलं. ब्याऐंशी सालच्या पानावर कमळच्या बापाचं नाव सापडलं, धर्मा, ट्रॉम्बे, हात. तिचा जीव भांड्यात पडणार तोच खाली आणखी नावं दिसली. त्याच महिन्यात ट्रॉम्ब्याहून चार हात आले होते. प्रत्येकासमोर नंबर होता. मालनच्या चित्रावर तो असायला हवा होता, पण तो कोपरा तिने कधीच कात्रीने उडवला होता.

प्रदर्शन संपल्यावर रविवारी तिने हाताचं चित्र जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि ट्रॉम्ब्याची बस धरली. अणुकेंद्राची लांबलचक भिंत मागे पडली तरी काय बोलायचं ते तिचं ठरलं नव्हतं. 'माफ कर' म्हणावं तर काय चुकलं ते नीट सांगता यायला हवं. 'हे घे' म्हणावं तर ते आपलं आहे का हे ठाऊक हवं.

कमळचं घर बंदराकडच्या बोळात होतं. ती सुकत घातलेले बोंबील परतत होती. मालनला बघून म्हणाली, "आलीस? ये. मी येनारच होती, आईसला ताप होता." म्हणजे आठवडाभर न येण्याचं कारण एवढंच होतं. की तेही नुसतं सांगायला? मालनला ठरवता येईना.

कमळची आई कृष्णाबाई उंबऱ्यात बसली होती. कमळने लुगडं सोडून चित्र दाराच्या उजेडात धरलं. म्हातारीने ते खालून वर, वरून खाली निरखलं.

"यो त्याचा नाय."

"आये, करंगळी बघ ना!"

"करंगळी निम्म्या कोळीवाड्याची वाकडी हाय. गळाचा टोक बी निम्म्यांच्या हातात हाय. त्याला गळ डाव्या हाताला लागलेला. यो उजवा हाय."

कमळने चित्र उलटं केलं. फिल्मच ती, हाडं दोन्हीकडून सारखीच दिसायची. अंगठा इकडचा तिकडे गेला. "घे, आता डावा झाला."

"असा केला तर कुनाचा बी होईल!" म्हातारी तडकली. "ए बाय, तूच सांग. डावा का उजवा?"

दोघी मालनकडे बघू लागल्या.

मालनने चित्राच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "वर कोपऱ्यात लिहिलेलं असतं, मावशी. तो कोपरा मी कापून टाकला."

"कशापायी?"

"माणूस घरात येऊ नये म्हणून."

कृष्णाबाईने तिच्याकडे असं पाहिलं की मालनला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. मग म्हातारीने हात पुढे केला, चित्र मांडीवर घेतलं आणि एका खवल्यावर नख घासलं. "घोळीची हायत," ती म्हणाली. "बरी बसवलीस." एवढंच. ते कौतुक होतं की नुसती माशाची पारख, ते तिने सांगितलं नाही, आणि मालनचं विचारायचं धाडस झालं नाही.

मायलेकींचं भांडण मग चहा होईपर्यंत चाललं. कमळ म्हणत होती भिंतीला लावायचं, आई म्हणत होती परक्या पुरुषाचा हात घरात कशाला. शेवटी कमळने स्टुलावर चढून झरोक्यावरच्या खिळ्याला ते अडकवलं. पण उलटं अडकवलं, डावा हात दिसावा म्हणून. त्यामुळे खवलं मागे गेली आणि घरात दिसायला उरल्या दोऱ्याच्या गाठी, फेविकॉलचे पिवळे डाग आणि मालनने चुकून ओढलेले टाके. सहा आठवडे खपून तिने जी बाजू केली होती ती आता झरोक्याकडे, बंदराकडे तोंड करून होती.

मालन बघत राहिली. वाईट वाटायला हवं होतं का? तिने आजवर एकाही चित्राची मागची बाजू नीट पाहिली नव्हती. झरोक्यातून येणाऱ्या उजेडात खवल्यांच्या सावल्या हाडांमागे हलल्यासारख्या दिसत होत्या, आणि गाठी अगदी गाठींसारख्याच दिसत होत्या.

"लागला ना बराबर?" कमळने विचारलं.

"लागला," मालन म्हणाली.

बसमध्ये परतताना ती खिडकीबाहेर न बघता स्वतःच्या हाताकडे बघत होती, एकदा पालथा, एकदा उताणा.

त्यानंतर क्लिनिकातून फिल्म मिळणं बंद झालं. प्रदर्शनातली उरलेली चित्रं तिने गुंडाळूनच ठेवली; दोन महिने तिची खिडकी रिकामी होती आणि काशीराम खूश होता. मग बातमी कशी पसरली कोण जाणे, चाळीतल्याच बायका आपापले एक्सरे घेऊन यायला लागल्या. सुगंधाने गुडघा आणला. "माझा पण कर ना गं असा." मालनने विचारलं, "कसा करू?" सुगंधा म्हणाली, "तुला माहीत!" मालनला मुळीच माहीत नव्हतं. तरी तिने तो ठेवून घेतला, कोपऱ्यासकट, आणि या वेळी दोन्ही बाजूंनी शिवला. अनुपमाला ते फार आवडलं. यामागची संकल्पना काय, असं तिने विचारलं. मालन म्हणाली, "संकल्पना नाही. ट्रॉम्ब्याला उलटं लावलं म्हणून." अनुपमाने तेही वहीत लिहून घेतलं.

कमळ बाजारात पुन्हा रोज बसू लागली होती. हाताचा विषय तिने काढला नाही, मालननेही नाही. गौरी-गणपती झाल्यावर एका सकाळी मात्र मालनला राहवलं नाही.

"कमळ, आई काय म्हणते? त्यांचाच आहे का?"

कमळ सुरमईचे तुकडे करत होती. कोयता न थांबवता म्हणाली, "आईस अजून बोलते, त्याचा नाय. रोज बोलते. परवा मी वैतागली, बोलली, मग काढते खाली. तर स्टूल धरून बसली, चढूच देईना."

"म्हणजे?"

"म्हंजे काय ते तिलाच इचार, बाय. मना काय कललं नाय," कमळ म्हणाली आणि मागच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

मालन बाजूला सरली. हातातली पिशवी सावरली. मग कामाची वेळ झाली, तशी क्लिनिकच्या दिशेने चालू लागली.