गायनाचा बिल्ला

अकोल्यात लढाई सगळ्यात आधी पानठेल्यावर सुरू झाली. सरहद्दीवर तेव्हा नुसती कुरबुर चालली होती, पण आमच्या चौकात लाहोर दोनदा घेऊन झालं होतं. पासष्टचा श्रावण सरत आला होता आणि रिकामटेकड्यांना कधी नव्हे तो भाव आला होता. एक वकील होते. त्यांना पक्षकार मिळत नसत, म्हणून सेनापतीचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. ठेल्याच्या फळीवर काडेपेटीतल्या काड्या मांडून ते समजावून सांगायचे, ही आपली पलटण, हे त्यांचे रणगाडे. मग कोणीतरी बोलता बोलता त्यातलीच एक काडी उचलून बिडी पेटवायचा आणि आपली एक पलटण तिथल्या तिथे गारद व्हायची.

वरून फर्मानं येऊ लागली. खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवा म्हणाले. आमच्या वस्तीत खिडक्यांना काचाच नव्हत्या, तेव्हा आम्ही न चिकटवताच सुरक्षित झालो. मी शिकवायची त्या शाळेच्या मैदानात खंदक खणले. पावसाळ्यात काळ्या मातीत खड्डा खणला की त्याचं डबकं होतं, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल. पण कागद मुंबईहून आला होता आणि मुंबईच्या कागदाला काळी माती ठाऊक नव्हती. दोन दिवसांत खंदक काठोकाठ भरले. माझ्या चौथीच्या मुलींनी त्यात होड्या सोडल्या आणि एक बकरी पडली, तिला दोर लावून काढावं लागलं. मी हेडमास्तरांना विचारलं, "सर, पाकिस्तानचं विमान अकोल्याला कशाला येईल? तुरीची डाळ न्यायला?" ते म्हणाले, "बाई, तुम्हाला देशाचं काही वाटतं की नाही?"

मला वाटत होतं. माझा सख्खा भाऊ पलटणीत होता.

बाप आमचा लवकर गेला. माय डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जायची. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर तिनं ठरवून टाकलं होतं की पोरगी शिकेल आणि पोरगा कोणाच्या बांधावर राबणार नाही. भाऊ फौजेत गेला. त्याच्या मनिऑर्डरींवर मी अमरावतीला मास्तरकीचं ट्रेनिंग केलं. तो सिकंदराबादला होता, आणि दोन वर्षं घरी आला नव्हता. सुट्टी मंजूर व्हायची आणि रद्द व्हायची. लढाईच्या गप्पा वाढल्या तशी माय एकच गोष्ट बोलू लागली. "लढाईले जाच्या आंदी एकडाव मले दिसला पायजे. चार शब्द बोलला पायजे. बाकी काई नाई." लाहोर घ्या की कराची घ्या, तिचं काही म्हणणं नव्हतं.

सिकंदराबादहून अजमेरकडे जाणारी छोटी लाईन अकोल्यावरून जाते. आमच्या शेजारचे मामा रेल्वेत पॉइंट्समन होते. एका संध्याकाळी नळावर ते मायला हळूच म्हणाले, "परवा सकाळी मिल्ट्रीची स्पेशल हाय, सिकंदराबादची. इंजन पाणी घेईल तवर उभी राहीन. कोणाले सांगू नका बाई, नवकरी जाईन माही." स्टेशनच्या भिंतीवर तेव्हा मोठा कागद लावला होता की फौजेच्या हालचालींबद्दल बोलू नका, शत्रूचे कान सगळीकडे असतात. मायला वाचता येत नव्हतं, पण तिनं कोणालाच सांगितलं नाही. फक्त मिलच्या मुकादमाला सांगितलं, कारण सुट्टी मागायची होती आणि त्यानं "काहून पायजे?" विचारलं. अन् खोटं तरी कशाला बोलायचं? पोरगा लढाईवर जाऊन राहिला, हे सांगताना तिचा ऊर भरून आला असणार.

मुकादमानं शेठजींना सांगितलं. शेठजी मिलचे मालक, शिवाय शहराच्या संरक्षण समितीचे अध्यक्ष. रोज कुठे ना कुठे ते शत्रूला धडा शिकवत. त्यांचा स्वतःचा मुलगा लढाईचं नुसतं नाव निघाल्यापासून अमरावतीला मामाकडे राहायला गेला होता, हवा मानवत नाही म्हणून. अकोल्याची हवा त्याला तेवीस वर्षं मानवली होती. असो. शेठजींनी रातोरात जवानांच्या स्वागताची सभा ठरवली. बँड ठरला. पुरी-भाजी ठरली. हारवाल्याला सांगितलं, आचाऱ्याला सांगितलं, टांगेवाल्यांना सांगितलं. शत्रू अकोल्यात असताच तर त्यालाही पुरी-भाजीला बोलावलं असतं.

समितीचा निरोप आमच्या शाळेत आला. चौथीच्या मुलींनी स्वागतगीत म्हणायचं आणि आत येणाऱ्यांसाठी पुठ्ठ्याचे बिल्ले करायचे. ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी दुपारभर बसून बिल्ले कापले आणि वळणदार अक्षरात लिहिले. काहींवर 'स्वागत', काहींवर 'अल्पोपाहार', काहींवर 'गायन'. वीरमातांचा सत्कार होता म्हणून एकावर 'वीरमाता' लिहिलं. वीरमाता एकच ठरली होती, शेठजींच्या ओळखीतली. तिचा मुलगा पुण्याला लष्कराच्या कुठल्याशा कचेरीत कारकून होता. तो बिल्ला लिहिताना माझ्या मनात एकदाही आलं नाही की आणखी एक लिहावा. मास्तरीणबाईंना यादी मिळाली होती आणि मास्तरीणबाई यादीप्रमाणे वागल्या. याचा राग मला आजही येतो, आणि तो शेठजींवरच्या रागापेक्षा जास्त आहे.

सकाळी मी मुलींना घेऊन पुढे गेले. फलाटावर दोर बांधला होता. दोराच्या आत बिल्लेवाले, बाहेर बाकीचं अकोलं. माय मागून आली. नवं लुगडं, हातात पितळेचा डबा, त्यात तिळाची चटणी आणि पुरणाच्या पोळ्या. दोराशी तिच्याच मिलचा मुकादम उभा. मी पाहते तो माय बाहेर आणि तो म्हणतोय, "मले समजते बाई, पण बिल्ल्याबिगर आत नाई. शेठजीनं सांगतलं हाय."

मी धावत गेले, माझा बिल्ला काढला आणि मायच्या लुगड्याला टोचला. मुकादमानं वाकून वाचला. "हा गायनाचा हाय. तुमी गानं म्हणता का?" माझ्या हाताला अशी शिवशिव आली म्हणता, पण माय म्हणाली, "म्हणतो बापा. सोड." मग तो मला अडवू लागला, कारण आता माझ्याजवळ बिल्ला नव्हता. "मुली तू रांगेत उभ्या करतोस का?" म्हटल्यावर सोडलं. तर माझी माय, पन्नाशीची बाई, दोन वेण्यांच्या मुलींच्या रांगेत डबा धरून उभी राहिली.

गाडी आली. बँडनं असा काही गोंधळ घातला की इंजिनाची शिट्टीही ऐकू येईना. जवान उतरले, त्यांच्या पलटणीच्या साहेबांनी त्यांना रांगेत उभं केलं, आणि दुसऱ्या रांगेच्या टोकाला आमचा दादा. काळवंडलेला, गालफडं बसलेली. वीस पावलांवर. मायला तो दिसला आणि त्याला माय दिसली. मुलींच्या रांगेत मायला बघून त्याच्या तोंडावर हसू आलं, ते त्यानं गिळलं. साहेबांनी सावधानचा हुकूम दिला होता, कारण शेठजी बोलायला उभे राहिले होते.

विषय होता आई. भारतमाता आणि आपली आई यांत फरक नाही, इथून त्यांनी सुरुवात केली. इंजिन पाणी घेत होतं. मग ते जिजाऊंकडे गेले, तिथून कुंतीकडे. "यातला प्रत्येक जवान माझा पुत्र आहे," असं त्यांनी तीनदा सांगितलं, आणि अमरावतीचा पुत्र तिन्ही वेळा विसरले. वीरमाता खुर्चीवर पदरानं वारा घेत होत्या. मी मायच्या कानाशी म्हटलं, "जा ना तू. कोण अडवते?" ती म्हणाली, "सरकारी काम चालू हाय. त्याले बोलनी बसतीन माह्यापायी. होऊ दे याचं." एवढी वर्षं मुकादमासमोर उभं राहून तिला थांबायची सवय झाली होती. ती थांबली. नुसती बघत राहिली, आणि एकदाच म्हणाली, "बारीक झाला वं पोरगा."

इंजिनानं शिट्टी दिली तेव्हा शेठजी रणांगणावर पोचत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं, हुकूम सोडला, आणि सगळी रांग गाडीच्या डब्यांकडे पळाली. माय मुलींना बाजूला सारत धावली. मध्ये हारवाले, पुऱ्यांची पातेली, बँडवाले. दादा दारात उभा राहून काहीतरी ओरडला, पण ते बँडमध्ये बुडालं. माय म्हणायची, तो 'येतो' म्हणाला. मला ओठांवरून तसं वाटलं नव्हतं, पण मी हो म्हणायची. पोळ्या आम्ही घरी नेल्या. त्या दिवशी कोणीच खाल्ल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी खाल्ल्या, कारण पुरण टाकून देण्याइतके श्रीमंत आम्ही नव्हतो.

मग खरी लढाई झाली आणि संपलीसुद्धा. पानठेल्यावर काड्या पुन्हा बिडीच्या कामाला लागल्या. आमच्याकडे तार आली. त्या दिवसाबद्दल मी लिहीत नाही.

महिन्याभरानं समितीनं टाऊन हॉलमध्ये मायचा सत्कार ठेवला. या वेळी मुकादम टांगा घेऊन घरी आला आणि मायला हात धरून उतरवलं. व्यासपीठावर खुर्ची, खांद्यावर शाल, हातात नारळ. शेठजी म्हणाले, "वीरमातेनं दोन शब्द बोलावेत." असं म्हणायची पद्धत असते. कोणी बोलत नसतं. माय उठली.

"शेठजी," ती म्हणाली, "त्या दिवशी टेसनावर तुमी आईवर लय बोलले. त्यातले दोन मिन्टं मले देले असते, तं मी पोराशी बोलली असती."

शेठजींनी रुमालानं डोळे पुसले, मान डोलावली, "केवढं मोठं मन हे!" म्हणाले, आणि त्यावर अर्धा तास बोलले.