विशेष सहकार्य

मला फसवलं ते माझ्याच वर्गातल्या मुलानं. त्याचे वडील आंबा बागायतदार, माझी आई केळशीला मासे विकते. आम्ही दोघांनी मिळून एक मासिक काढलं. त्याची मांडणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी केली आणि अंक छापून आला तेव्हा मांडणीपुढे त्याचं नाव होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी 'दुसरी बाजूही असेल' असं म्हणत बसायला नको. दुसरी बाजू मी ऐकली आहे. तीही सांगते.

रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात माध्यमांच्या अभ्यासक्रमाला शेवटच्या वर्षी जोडीनं एक अंक काढावा लागतो. एकानं संपादन करायचं, दुसऱ्यानं मांडणी. गुण वेगवेगळे मिळतात आणि ते अंकावर छापलेल्या नावांवरून मिळतात. मांडणीत माझं नाव नसेल तर मला शून्य, आणि शून्य म्हणजे वर्ष परत. ते मला परवडणारं नव्हतं. मी हातखंब्याला मावशीकडे राहत होते. हायवेला लागून तिचं कोकम, फणसपोळी, आंबापोळी यांचं दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी ते मी सांभाळायचे आणि त्यावर माझी फी निघायची. आईला शब्द दिला होता की हे शेवटचं वर्ष.

"यंदा नाय जमला तर ये गो घरी," ती फोनवर म्हणायची. "माज्या बाजूला जागा रिकामीच हाय."

ती धमकी देत नव्हती. मी परत आले असते तर तिला बरंच वाटलं असतं. म्हणून तर मला त्या वाक्याची जास्त भीती वाटायची.

आमच्या अंकाचा विषय होता जांभा दगड. चिऱ्याची खाण, खाणीतली माणसं, जांभ्याची घरं, जांभ्याच्या विहिरी. विषय त्याचा, आणि लेखही त्यानं चांगले लिहिले, ते मी नाकारत नाही. पण संगणकावर बसायची वेळ आली की तो माझ्या मागे खुर्ची ओढून बसायचा आणि म्हणायचा, "हे जरा डावीकडे घे ना." डावीकडे घेतलं की, "नको, आधीचंच बरं होतं." एकदा मी माऊस त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "घे, तूच घे डावीकडे." तो हसला. त्यानं चहा मागवला.

मासिकाचं नाव मी मुखपृष्ठावर आडवं टाकलं नाही, डाव्या कडेनं उभं टाकलं. त्याला ते विचित्र वाटलं. आमच्या विभागाच्या सरांनाही वाटलं. सर रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी संगणकाच्या खोलीत डोकावायचे, माझ्या मागे उभे राहायचे आणि "कर, कर, चालू दे" म्हणून जायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मग छपाई. छापखान्याच्या मालकांना सगळे काका म्हणतात. काकांनी सांगितलेला भाव ऐकून आमचा बागायतदार लगेच हो म्हणणार होता. मी टेबलाखाली त्याचा पाय दाबला. मी मासळीबाजारात वाढले आहे, पहिल्या भावाला हो म्हणणं मला जमत नाही. पण काका कसलेले होते. मी कागद हलका मागितला, ते नाही म्हणाले. मी उठून दारापर्यंत गेले, त्यांनी हाक मारली नाही. परत येऊन बसावं लागलं, त्याचा राग आला. तेव्हा कोपऱ्यात मला खराब छापलेल्या कागदांची थप्पी दिसली.

"काका, ह्याचं काय करता?"

"रद्दीवाला नेतो. काय देतो, विचारू नको."

यंत्रावर रंग बसेपर्यंत सुरुवातीचे बरेच कागद वाया जातात, ते असे साठतात. आणि इकडे आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला प्रत्येक बागायतदाराला कागद लागतो. तळाला पेंढा, मध्ये आंबे, वर कागद, मग झाकणाला खिळे. मी माझ्या जोडीदाराकडे बोट दाखवलं. "ह्यांची आंब्याची कलमं आहेत. तुमचा सगळा वाया कागद हंगामभर हे उचलतील, रद्दीवाल्यापेक्षा चांगल्या भावानं. आमची छपाई मात्र त्या हिशेबानं कमी करा."

काकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "कोणाची गो तू?"

"केळशीच्या मासेवालीची."

"तरीच," ते म्हणाले आणि भाव उतरवला. जोडीदाराचे वडीलही खूश झाले. त्या दिवशी मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. पुढे तोच सौदा मला वाचवणार आहे, हे तेव्हा मला कुठून कळणार?

मुखपृष्ठ यंत्रावर चढलं त्या दिवशी मी सकाळपासून छापखान्यात उभी होते. मुखपृष्ठावर जांभ्याच्या भिंतीचा जवळून काढलेला फोटो होता, माझ्याच फोनवर काढलेला. जांभ्याचा रंग पकडणं सोपं नाही. तो लाल नसतो, तपकिरीही नसतो, आणि ओला असला की वेगळाच दिसतो. पहिले कागद निघाले ते गुलाबी. लग्नाच्या मांडवासारखे गुलाबी.

"हा जांभा आहे की बर्फी?" मी यंत्रावरच्या माणसाला म्हटलं.

"ताई, थांबा जरा. रंग बसू दे."

"बसू दे म्हणता म्हणता रीम संपेल."

तो बिचारा गुलाबी कमी करायचा की पिवळा वाढायचा. मी ओरडायचे, तो कागद काढायचा, आणि थप्पी वाढत गेली. जेमतेम रंग जुळला आणि वीज गेली. काका म्हणाले, उरलेलं उद्या. दुसरा दिवस रविवारचा, हायवेवर मुंबईकरांच्या गाड्यांची रांग. मावशी एकटी. मी जोडीदाराला म्हटलं, "तू जा. काकांना सांग, काल शेवटी बसला तोच रंग." तो गेला. रंग त्यानं अगदी नीट सांगितला.

अंक हातात आला तेव्हा आधी मी रंगच पाहिला. जांभा जांभ्यासारखा दिसत होता. वास घेतला, पानं चाळली, मग सवयीनं मलपृष्ठाच्या तळाला गेले. तिथे बारीक अक्षरांत सगळ्यांची नावं होती. ती ओळ मीच बसवली होती. संपादन, त्याचं नाव. मांडणी, मुखपृष्ठ व छायाचित्र, माझं नाव.

आता तिथे होतं: संकल्पना, संपादन, मांडणी व मुखपृष्ठ, त्याचं नाव. खाली 'विशेष सहकार्य'. त्यात कॅन्टीनवाले, शिपाईमामा, खाणीचे मुकादम आणि मी.

मी त्याला कॉलेजच्या जिन्यात गाठलं. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो भिंतीला पाठ लावून उभा होता आणि हळू आवाजात समजावत होता. हीच ती दुसरी बाजू. "मला पुढे पुण्याला डिझाईनला अॅडमिशन घ्यायची आहे. त्यांना छापलेलं काम दाखवावं लागतं. तुला काय फरक पडतो? तू शेवटी दुकानच बघणार ना?"

मी सरांकडे गेले. जुनी फाईल कॉलेजच्या संगणकावर होती, पण तिथे सगळ्या वर्गाचा पासवर्ड एकच. ती कोणी केली हे फाईल सांगत नव्हती. माझा आवाज चढलेला होता. सरांनी दार लावून घेतलं.

"आधी तू आवाज खाली घे."

"सर, तुम्ही रोज बघत होतात."

"अंक छापून झालाय. आता भांडून कागद बदलणार आहेत का? तोंडी परीक्षेत काय ते सांग."

परीक्षेला कोल्हापूरहून परीक्षक बाई येणार होत्या. मला ठाऊक होतं की तिथे मी तोंड उघडलं की पुन्हा आवाज चढणार आणि तो मात्र हळू बोलणार. आणि हळू बोलणारा माणूस खोटं बोलत असेल असं लोकांना वाटत नाही. त्या आठवड्यात मी आईचा फोन उचलला नाही.

परीक्षेच्या दिवशी जोडीदार स्कूटरवर आंब्याची पेटी घेऊन आला. आमच्याकडे बागायतदाराच्या घरून हंगामात सरांना पेटी येते, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. सरांनी पेटी बाईंच्या टेबलाशेजारी ठेवायला सांगितली.

बाईंनी अंक चाळला. "मुखपृष्ठ वेगळं आहे. मांडणी कोणाची?"

"माझी, मॅडम," तो म्हणाला. हळू आवाजात.

मी तोंड उघडणार तेवढ्यात सर मध्ये पडले. विषय बदलावा म्हणून असेल किंवा पाहुणचार म्हणून असेल, ते म्हणाले, "मॅडम, आधी आमचा हापूस तरी बघा. मामा, उघडा ती पेटी."

शिपाईमामांनी स्क्रू-ड्रायव्हर घालून झाकणाचे खिळे उचकटले. आंब्याचा वास खोलीभर पसरला. पेटी उघडली की माणसं आंबे बघतात, वरचा कागद कोणी बघत नाही. भरणाऱ्या गड्यानंही बघितला नसेल, घेऊन येणाऱ्यानंही नाही. पण बाई बाहेरच्या. त्यांनी कागद बाजूला सारला आणि पुन्हा हातात घेतला.

तो गुलाबी होता. बर्फीसारखा गुलाबी. आमचं मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ उघडं केलं की पेटीच्या तोंडाला नेमकं बसतं, म्हणून गड्यानं तोच कागद वर घातला होता.

"अहो, हा तर तुमचाच अंक!" बाई हसल्या. मग त्यांनी तळाची ओळ वाचली. छापील अंक उलटा करून तिथली ओळ वाचली. मग हसल्या नाहीत.

"इथं मांडणीला वेगळं नाव आहे."

"तो चुकीचा मजकूर होता, मॅडम. नंतर दुरुस्त केला," तो म्हणाला.

"बरं. मग मला सांगा, मासिकाचं नाव असं उभं का घेतलंत?"

त्यानं मुखपृष्ठाकडे पाहिलं. "छान दिसतं म्हणून."

बाई माझ्याकडे वळल्या. आणि नवल म्हणजे माझा आवाज चढला नाही. मी म्हटलं, "एसटी स्टँडवरच्या स्टॉलला मासिकं एकावर एक सरकवून लावतात, मॅडम. प्रत्येकाची फक्त डावी कड दिसते. नाव वर आडवं टाकलं तर अर्धं झाकून जातं. मी दुकानात बसते, न दिसणारा माल कोणी मागत नाही."

"आणि हा कागद गुलाबी का?"

"रंग बसायच्या आधीचा आहे. मी त्यावरून भांडले होते, छापखान्यात कोणालाही विचारा."

"विचारायची गरज वाटत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गुणपत्रिका पुढे ओढली. तो गुलाबी कागद घडी घालून त्यांनी आमच्या फाईलला जोडला.

बाहेर आले. पायरीवर बसले. शिपाईमामांनी त्याच पेटीतला एक आंबा माझ्या हातावर ठेवला. "खा. तुझ्याच कागदातला आहे." मी तो तिथेच बसून खाल्ला, कोपरापर्यंत रस ओघळू दिला आणि मग आईला फोन लावला. "जमला," म्हटलं. ती म्हणाली, "बरा झाला. म्हंजे ती जागा मी दुसऱ्या कोनाला दिली तरी चालल तर."

आता मी रत्नागिरीतच लहानसं काम करते. कोकमाच्या बाटल्यांची लेबलं, दुकानांचे बोर्ड, लग्नपत्रिका. काका छापतात, आम्ही अजून भावावरून भांडतो. रात्री शांत झोप लागते. माझ्या जोडीदाराशीही माझं आता फारसं वैर नाही. त्याला पुण्याला जायचं होतं, त्यासाठी तो खोटं बोलला आणि परीक्षेत उघडा पडला. तिथे त्याचा हिशेब संपला.

पण अंक तसेच आहेत. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका प्रतीवर दुरुस्तीची पट्टी चिकटवली आहे. बाकी जिथे जिथे अंक गेले, खाणवाल्यांकडे, जाहिरातदारांकडे, तिथे मी अजून कॅन्टीनवाल्यांच्या शेजारी आहे. काकांना मी नंतर विचारलं, बदललेला मजकूर तुम्ही घेतलातच कसा? त्यांनी फाईल काढून दाखवली. "सरांची सही होती गो. सही असल्यावर मी कोण विचारणारा?"

सही खरी होती. बदललेली ओळ, खाली 'छपाईस योग्य' आणि सरांची सही.

म्हणून हे लिहिलं. सर, तुम्ही रोज संध्याकाळी माझ्या खुर्चीमागे उभे राहत होतात. "कर, कर, चालू दे" म्हणत होतात. त्या खुर्चीत कोण बसलेलं असायचं ते तुम्हाला दिसत होतं. मग त्या ओळीखाली सही कशी केलीत? न वाचता केलीत, की वाचून केलीत? दोन्हींपैकी काय ते सांगा. आणि बंद दारामागे नको, वर्गासमोर सांगा. मी आवाज खाली ठेवून ऐकेन.