कवठे महांकाळची वाडी आणि माझा कोरा दंड

सातारा-सांगलीला निघालेली माणसं मला विचारतात, तिकडे बघण्यासारखं काय आहे? मी सत्तरच्या दशकात तिथे नुसते लोकांचे दंड बघत हिंडले, तेव्हा माझ्या सल्ल्यावर फार विसंबू नका.

गावोगाव देवीची लस टोचून झाली होती. ती लागली की दंडावर वण राहायचा. किती जणांना वण आहे ते मोजायचं आणि रोगाला परत शिरायला फट उरलीय का ते ठरवायचं, हे आमचं काम. मी वाईची, नुकती नोकरीला लागलेली. बरोबर डॉक्टरसाहेब आणि जीप चालवणारे तात्या, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार.

पहिला मुक्काम मेढ्याला. रस्ता असा, की खाल्लेलं पिठलं परत भेटायला येतं. जाताना हलकंच खा. माणसं मात्र गुणी, बाह्या वर करून ओळीत उभी. मग कऱ्हाडवरून सांगली, विश्रामबागेत मुक्काम. भडंग तिथेच बांधून घ्या, पुढे नुसतं ऊन मिळतं.

कवठे महांकाळच्या पुढच्या एका वाडीवर घोडं अडलं. पुरुषांनी दंड दाखवले, बायका उंबऱ्यातून हलेनात. सगळ्यांच्या पुढे बायजाक्का नावाची म्हातारी ठाण मांडून बसलेली.

"आदी तुजा दाव," ती मला म्हणाली.

तात्यांनी लगेच बाही सारली. "आवं आक्का, ह्यो बगा. फौजेतला हाय."

"तुला कुनी इचारलं रं? पोरीला म्हनती मी."

माझा दंड कोरा! लग्नाच्या वेळी पोलक्याबाहेर वण दिसू नये म्हणून आईनं लहानपणी माझ्या मांडीवर लस टोचून घेतली होती. पण बायका न बघता परतलो तर निम्मी वाडी मोजायची राहणार, आणि फट नेमकी तिथेच असली तर? डॉक्टरसाहेब आभाळ न्याहाळू लागले.

"हिलाच न्हाई की, आन आमाला शिकवती," बायजाक्का म्हणाली.

मला रागच आला. "आहे. पण इथे दाखवता येत नाही. आत चला."

चुलीपाशी गेलो, दार लावलं. मी साडी वर घेतली तशा बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. बायजाक्कानं वाकून वणावर बोट फिरवलं. "व्हय गं, लय मोटा हाय."

मग एकेक बाही वर सरकली. शेवटी बायजाक्काच्या सुनेनं कणगीमागून तान्ही पोर काढली. दंड कोरा, मांडीही कोरी. सुईच्या भीतीनं आजीनं नात लपवली होती, सगळं अडलं होतं ते त्यापायी.

"टोचा मंग," बायजाक्का नमली. "पर मांडीवर. उद्या लगीन व्हायचं हाय तिचं."

"नगं आत्या, दंडावरच," सून म्हणाली. "न्हाईतर हिलाबी असंच दार लावून दावाय लागंल."

डॉक्टरसाहेबांना आत बोलावलं. पोर किंचाळली, आजी तिच्याहून जास्त रडली.

वाईला परतल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं झाकलेलं सगळ्या वाडीला दाखवून आलीस?" पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी दंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती पोर आता पन्नाशीच्या आसपास असेल. त्या बाजूला गेलात आणि भेटली, तर माझ्यासाठी तेवढा तिचा दंड बघून या.