देवदूताची सावली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो तर त्या दुपारी माझ्या शेजारीच बसला होता. त्याला ती अजूनही सहलीतली एक छान दुपार म्हणून आठवते.

मी वाघोलीतल्या एका डिझाइन कॉलेजात पाश्चात्त्य कलेचा इतिहास शिकवते. रेनेसाँसपासून सुरुवात करायची आणि वर्ष संपेपर्यंत आधुनिक काळापर्यंत पोचायचं, असा तो विषय. मुलांना बहुतेक परीक्षेपुरतीच गोडी. मला त्याची गोडी ज्यांनी लावली त्यांच्याबद्दल सांगायचं आहे. म्हणजे खरं तर माझ्याबद्दल. पण त्यांना वगळून ते सांगता येणार नाही.

मेश्राम सर शिकायला म्हणून नागपूरहून पुण्यात आले आणि इथलेच झाले. आयुष्यभर त्यांनी युरोपातली चित्रं शिकवली आणि युरोपात एकदाही गेले नाहीत. आधी परवडत नव्हतं, मग घरात आजारपणं, मग नजरच अधू झाली. हे त्यांनी कधी लपवलं नाही. तासाला पडद्यावर चित्र आलं की आधी सांगायचे, "हे मी पाहिलेलं नाही. छापील चित्रावरून बोलतोय." वर्गात कुणीतरी खुसखुसायचं. स्टाफरूममध्ये तर उघडच बोलणं व्हायचं — यांचं सगळं ऐकीव, म्हणून. सरांच्या कानावर ते जात नसेल असं कसं म्हणू? तरी ते वाक्य त्यांनी कधी गाळलं नाही.

त्यांचं एक आवडतं चित्र होतं. फ्लॉरेन्समधल्या एका जुन्या मठाच्या भिंतीवरचं. देवदूत मेरीला येशूच्या जन्माचा निरोप सांगायला आलाय, एवढाच प्रसंग. ओसरीत बसलेली साधीशी मुलगी, दोन-चार खांब, समोर वाकलेला देवदूत. खांबांच्या सावल्या जमिनीवर पडल्यात, मुलीचीही पडलीय. देवदूताची पडलीय का? सरांच्या पुस्तकात नेमक्या त्या कोपऱ्यात छपाईची शाई साचलेली होती. इतर पुस्तकांतही तो कोपरा धड दिसायचा नाही. सर म्हणायचे, "सावली असेल, तर चित्रकाराने देवदूताला आपल्यासारखं अंग दिलं. स्वर्ग जमिनीवर उतरला. नसेल, तर चित्रकार अजून जुन्याच जगातला माणूस. एवढ्याशा गोष्टीवर सगळं अवलंबून आहे बघ." आणि मग हसून, "मला माहीत नाही."

मला हे 'माहीत नाही' फार आवडायचं. शिकत होते तेव्हा वाटायचं, आपणही असंच शिकवायचं.

मग आमची सहल ठरली. मी आणि नवरा, एका टूर कंपनीबरोबर. निघण्याआधी सरांच्या घरी गेले. त्यांना तेव्हा समोरच्याचा चेहराही नीट दिसत नव्हता, आवाजावरून ओळखायचे. कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती, बाकी भिंतभर पुस्तकं — जी आता त्यांना वाचता येत नव्हती. काकूंनी चहा आणला. सर म्हणाले, "मृणाल, माझ्यासाठी काही आणू नकोस. फक्त ती सावली बघून ये." मी म्हटलं, "इंटरनेटवर फोटो असतील, सर. मी बघून सांगते." त्यावर म्हणाले, "ते कुणी किती उजळवलेत, कुणी किती गडद केलेत, कुणास ठाऊक. तू बघ. तुझ्या डोळ्यांनी."

फ्लॉरेन्समध्ये आम्हाला एक दुपार मोकळी मिळाली. मठ चालत जाण्याच्या अंतरावर होता. आणि मी — चामड्याच्या वस्तूंच्या बाजारात गेले. ग्रुपमधल्या बायका निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर. एक पर्स घेतली. नंतर चौकात नवऱ्याशेजारी बसून आइस्क्रीम खाल्लं. दमले होते असं म्हणता येईल. पण दमले नव्हते. विसरले होते का? तेही नाही. आइस्क्रीम खाताना मला मठ आठवत होता. मला फक्त उठावंसं वाटलं नाही. याहून मोठं कारण मी बरीच वर्षं शोधलं. मिळालं नाही.

परत आल्यावर सरांकडे गेले. दार काकूंनी उघडलं, पण सर आतूनच म्हणाले, "बघितलंस?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? "राहून गेलं, सर," एवढंच. ते रागावले नसते. ते कधी कुणावर रागावल्याचं मला आठवत नाही. पण ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते. हात गुडघ्यांवर, चेहरा माझ्या आवाजाकडे.

मी म्हटलं, "हो सर. पडते. अगदी फिकट आहे, पण पडते."

ते खुर्चीत मागे टेकले. मग काकूंना म्हणाले, "ऐकलंस का? सावली आहे."

मग मी आणखी सांगत गेले. फरशीचा रंग सांगितला, भिंतीला थंड वास येतो म्हणाले, पायऱ्या झिजल्यात म्हणाले. एकदा सुरू झाल्यावर ते किती सोपं होतं. माझ्या बोलण्यातलं निम्मं तर मी त्यांच्याच तासांना ऐकलेलं होतं.

काही महिन्यांनी पुण्यातल्याच एका छोट्या कलामंडळाने त्यांना व्याख्यानाला बोलावलं. सरांचा फोन आला. "तुझ्या सावलीवरच बोलणार आहे." त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा इंटरनेटवर नीट शोधलं. एकाने अगदी जवळून घेतलेला फोटो सापडला. कोपरा स्वच्छ दिसत होता. देवदूताच्या पायाशी काहीच नव्हतं. नुसती उजळ जमीन.

व्याख्यानाला अजून अवकाश होता. दोनदा मी सांगायचं म्हणून फोन केला. एकदा त्यांच्या डोळ्यांच्या औषधांबद्दल विचारलं. दुसऱ्यांदा तर हॉलपर्यंत मीच घेऊन जाईन, असं सांगून ठेवून दिला. मला काय वाटत होतं? की तिथे कुणाला कळणार नाही? हो. तेच वाटत होतं.

हॉल भरला होता. जुने विद्यार्थी, शिक्षक, काही तरुण मुलं. सर छान बोलले. त्या चित्रापाशी आल्यावर म्हणाले, "हे मी पाहिलेलं नाही." लोक हसले, कारण ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं. मग म्हणाले, "पण ज्या डोळ्यांवर माझा माझ्याइतकाच विश्वास आहे, त्यांनी पाहिलंय. देवदूताची सावली पडते." आणि पुढचं सगळं त्यावरच उभं केलं.

शेवटी प्रश्न झाले. सायली नावाची एक मुलगी उठली. इटलीत शिकून नुकतीच परतलेली. संकोचून म्हणाली, "सर, मी तिथे बऱ्याचदा गेलेय. माझ्याकडे फोटोही आहे. खांबांची सावली आहे, मुलीची आहे. देवदूताची नाहीये."

माना सायलीकडे वळल्या. मग कुणीतरी विचारलं, "तुम्हाला हे सांगितलं कुणी, सर?"

मी पहिल्या रांगेत होते. सरांना मी दिसत नव्हते, पण मी कुठे बसलेय ते माहीत होतं — मीच त्यांना धरून व्यासपीठावर नेलं होतं. त्यांनी चेहरा माझ्या बाजूला वळवला. किंचितच. ते थांबले. मी बोलावं म्हणून थांबले होते का? मला तसंच वाटलं तेव्हा. मी हातातला रुमाल दुमडत राहिले.

"माझीच समजूत चुकली असणार," सर म्हणाले. "धन्यवाद, बाळ. बस."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "न बघता शिकवलं की असंच व्हायचं." दोघं-तिघं हसले. ते माझ्यापर्यंत आलं, म्हणजे त्यांच्यापर्यंतही गेलंच असेल. त्यांचे कान तेव्हा फार तिखट झाले होते.

परतताना रिक्षात सर माझ्या शेजारी बसले होते. बुधवार पेठेच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा म्हणाले, "मुलगी हुशार आहे. नीट बघून आलीय." मी हो म्हटलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तिथे उजेड कमी होता का गं?"

त्यांनी मला वाट करून दिली होती, हे मला त्याच क्षणी कळलं. खरं सांगून टाकायला तिथे आम्ही दोघंच होतो. आणि मी म्हटलं, "हो सर. फारच कमी होता."

"मला वाटलंच," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पुन्हा व्याख्यान दिलं नाही. बोलावणी आली, पण प्रकृतीचं कारण सांगून नाही म्हणाले. मी जात राहिले. काकू चहा देत राहिल्या. आम्ही सगळ्या चित्रांबद्दल बोलायचो, त्या एका सोडून. त्यांना कळलं होतं का? मी ठरवू शकत नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

सायली आता माझ्याच कॉलेजात शिकवते. मनाने चांगली आहे. एकदा कँटीनमध्ये डबा खाताना तिने विचारलं, "मॅडम, मी त्या दिवशी गप्प बसायला हवं होतं का? शेवटचं व्याख्यान ठरलं ते सरांचं. मला अजून बोच आहे."

मी तिला म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही गं. शेवटी शेवटी सरांचा गोंधळच व्हायला लागला होता."

तिला हायसं वाटलं. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आता ती मुलांना मेश्राम सरांबद्दल सांगते, फार आदराने सांगते, आणि शेवटी तेवढंही सांगते — वयामुळे त्यांचा गोंधळ व्हायचा, म्हणून. कधी कधी मी शेजारच्या वर्गात असते आणि ते मला ऐकू येतं.

सरांचा गोंधळ कधीच झाला नव्हता.